शाखा-मालिकेचा वकील आणि समीक्षकांचा न्याय

वडाची पारंबी जमिनीला टेकली, म्हणजे कांहीं वर्षांनीं ती स्वतःच एक खोड बनते. मग मूळ खोड कोणतें हें सांगणें पाहणाऱ्याला कठीण जातें. टेलिव्हिजनच्या मालिकांतहि असा प्रकार घडतो. एखाद्या मालिकेंत गौण म्हणून आलेलें पात्र लोकांना इतकें आवडतें, कीं पुढें त्याच्याच भोंवतीं नवी कथा रचली जाते. अशा कृतीला शाखा-मालिका म्हणतां येईल. न्यायालयाच्या कथांत तर याला विशेष वाव असतो. खटला संपला, कीं आरोपी आणि फिर्यादी कथेंतून निघून जातात. वकील तेवढा पुढच्या खटल्यासाठीं शिल्लक राहतो. मुंबईंत घडणारी 'क्रिमिनल जस्टिस' ही हिंदी मालिका याचें आपल्याकडील जवळचें उदाहरण होय. समीक्षकांनीं तिचें स्वागत कसें केलें, आणि त्या स्वागतांत कोणता प्रश्न मागें राहून गेला, याचा येथें विचार करावयाचा आहे.

या कथेचा उगम इंग्लंडांतील. पीटर मॉफट हे लेखक होण्यापूर्वीं स्वतः बॅरिस्टर होते. त्यांनीं लिहिलेली 'क्रिमिनल जस्टिस' ही पांच भागांची मालिका बी. बी. सी. नें २००८ सालीं दाखविली. एक तरुण एका मुलीबरोबर रात्र घालवितो. जाग येते तेव्हां ती मृत असते. आणि खून आपण केला कीं नाहीं, हें त्याला स्वतःलाच आठवत नाहीं. एवढेंच कथेचें बीज. पोलिसांच्या ताब्यांत असतांना त्याला रॅल्फ स्टोन नांवाचा एक गबाळा वकील भेटतो. २०१६ सालीं याच बीजावर अमेरिकेंत 'द नाइट ऑफ' ही आठ भागांची मालिका निघाली. तिच्यांतील आरोपीच्या भूमिकेबद्दल रिझ अहमद या नटाला २०१७ चें एमी पारितोषिक मिळालें. गबाळ्या वकिलाचें आडनांव तेथेंहि स्टोनच राहिलें. ती भूमिका जॉन टर्टुरो यांनीं केली.

२०१९ च्या एप्रिल महिन्यांत हॉटस्टारवर हीच कथा दहा भागांत हिंदींत आली. दिग्दर्शन तिग्मांशु धुलिया व विशाल फुरिया यांचें होतें. आरोपीच्या भूमिकेंत विक्रांत मॅसी होते, आणि स्टोनच्या जागीं माधव मिश्रा हा नवा वकील उभा राहिला. ही भूमिका पंकज त्रिपाठी यांनीं केली. माधव मिश्रा मोठ्या कायदेपंडितांत गणला जाणारा नाहीं. किरकोळ प्रकरणें मिळविण्यासाठीं पोलीस ठाण्यांच्या भोंवतीं फिरणारा, फीच्या दोन पैशांचा हिशेब करणारा, पण माणसें ओळखणारा असा तो गृहस्थ आहे. पहिल्या कथेंत त्याचें स्थान आरोपीच्या मागें होतें. पुढें मात्र त्यानें पारंबीप्रमाणें जमीन धरली.

२०२० च्या डिसेंबरांत 'बिहाइंड क्लोज्ड डोअर्स' हें दुसरें प्रकरण आलें. त्याला २००९ सालच्या दुसऱ्या ब्रिटिश मालिकेचा आधार होता. २०२२ च्या ऑगस्टमध्यें 'अधूरा सच' आणि २०२५ च्या मे महिन्यांत 'अ फॅमिली मॅटर' हीं प्रकरणें प्रसिद्ध झालीं. या दोहोंना विलायती कथानकाचा आधार राहिला नव्हता. काटेकोरपणें पाहिलें, तर ही स्वतंत्र नांवाची शाखा-मालिका नव्हे. पाटी जुनीच राहिली. परंतु आरोपी बदलले, मृत माणूस बदलला, कुटुंबें बदललीं, आणि माधव मिश्रा कायम राहिला. म्हणजे नांव मूळ झाडाचें आणि सावली पारंबीची, अशी स्थिति झाली.

आतां समीक्षकांच्या निकालाकडे वळूं. पहिल्या प्रकरणाच्या वेळीं अनेक परीक्षकांच्या डोळ्यांपुढें अमेरिकन आवृत्ति होती. त्यामुळें नव्या कृतीची परीक्षा बहुतांशीं तुलनेनेंच झाली. मॅसी आणि त्रिपाठी या दोघांचीहि वाखाणणी झाली. पण कथा लांबल्याची तक्रारहि निघाली. ही तक्रार निराधार म्हणतां येणार नाहीं. जी गोष्ट मूळ लेखकानें पांच भागांत सांगितली, तिला येथें दहा भाग लागले.

दुसऱ्या प्रकरणांत एक स्त्री आपल्या नामांकित वकील पतीवर सुरीनें वार करते. ती वार नाकारीत नाहीं. परंतु बंद दारामागें काय घडत होतें, तें सांगावयास तिचें तोंड उघडत नाहीं. कीर्ती कुल्हारी यांच्या या भूमिकेचें कौतुक झालें. विवाहांतर्गत अत्याचाराचा प्रश्न घराघरांतील पडद्यावर आणल्याबद्दल समीक्षकांनीं मालिकेला श्रेय दिलें, आणि गति मंद असल्याचा दोषहि सांगितला. तिसऱ्या प्रकरणांत एका बालअभिनेत्रीचा खून होतो व तिच्या किशोरवयीन भावावर आरोप येतो. या आणि चौथ्या प्रकरणाच्या वेळीं निकाल अधिक संमिश्र झाला. त्रिपाठी यांचा सहज अभिनय, हलका विनोद, पत्नी रत्नेशीं होणारे त्याचे संवाद, हें सारें आवडलें. रहस्याची ओढ आणि कथेची बांधणी यांविषयीं मात्र कुरकुर वाढली. थोडक्यांत सांगावयाचें, तर वकील प्रत्येक वेळीं जिंकला, आणि मालिकेला दर वेळीं पुढची तारीख मिळाली.

अशीच एक कथा अमेरिकेंत घडली, आणि ती तुलनेस उपयोगी आहे. 'ब्रेकिंग बॅड' या मालिकेंत सॉल गुडमन नांवाचा एक लबाड वकील होता. त्याच्यावर 'बेटर कॉल सॉल' ही खरीखुरी शाखा-मालिका २०१५ ते २०२२ या काळांत सहा पर्वांत चालली. प्रारंभीं तिच्याविषयीं अनेकांना शंका होती. पुढें मूळ मालिकेच्या तोडीची म्हणून तिची वाखाणणी झाली. तरीहि एमी पारितोषिकांसाठीं ५३ नामांकनें मिळून तिला एकहि पारितोषिक लाभलें नाहीं. समीक्षकांचा न्याय आणि पारितोषिकांचा न्याय हीं दोन वेगळीं न्यायालयें आहेत, एवढें यावरून दिसतें. पण मुख्य मुद्दा दुसराच आहे. त्या मालिकेंत वकील स्वतः बदलत जातो. एक चुकीची पायरी उतरल्यावर तो पुढची कां उतरतो, हेंच कथेचें सूत्र आहे. माधव मिश्रा फारसा बदलत नाहीं. त्याच्यापुढचा खटला बदलतो. म्हणून त्याचा सहवास प्रिय होतो, परंतु कथेचें सारें ओझें त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकलें, कीं ती अडखळते.

मंदपणाच्या आरोपाचाहि थोडा विचार केला पाहिजे. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा २०१४ सालचा मराठी चित्रपट मुद्दामच संथ आहे. एका लोकशाहिरावरील खटला त्यांत तारखेमागून तारीख घेत सरकतो. त्याच संथपणाची समीक्षकांनीं प्रशंसा केली. व्हेनिसच्या महोत्सवांत त्याला पारितोषिकें मिळालीं, व सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिकहि लाभलें. मग एका कृतीचा गुण तो दुसरीचा दोष कसा? उत्तर असें, कीं 'कोर्ट'मध्यें विलंब हाच विषय आहे. मंठ्याहून किंवा घनसावंगीहून सकाळच्या एस. टी. नें जालन्याच्या न्यायालयांत येऊन, दिवसभर बाकावर बसून, संध्याकाळीं नुसती तारीख घेऊन परतणाऱ्या माणसाला तो विलंब ओळखीचा वाटतो. मालिकेंतील विलंब बहुधा प्रेक्षकाला पुढच्या भागापर्यंत थांबविण्यासाठीं असतो. त्या विलंबानें आरोपीच्या यातनेविषयीं कांहीं अधिक कळत नाहीं. केवळ खुनी कोण, हें उशीरा कळतें.

येथपर्यंत समीक्षकांचा निकाल मान्य करण्यास हरकत नाहीं. परंतु बहुतेक परीक्षणांचा भर अभिनय, गति आणि शेवट यांवर राहिला. कायद्याचें चित्र खरें कीं खोटें, हा प्रश्न मागें पडला. आणि सामान्य कुटुंबाच्या दृष्टीनें तोच अधिक मोलाचा आहे. १९४८ पर्यंत जालन्याचा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्यांत न्यायालयाची भाषा उर्दू होती, आणि केवळ मराठी जाणणाऱ्याला तेथील हुकूम दुसऱ्यानें समजावून द्यावा लागे. आज ती अडचण राहिलेली नाहीं; पण कायदा समजावून देणाऱ्याची जागा अनेक घरांत पडद्यानें घेतली आहे. पडद्यानें चुकीचें समजाविलें, तर त्याची किंमत खरा आरोपी मोजतो.

कांहीं बाबतींत मालिकेचा उपयोग निःसंशय झाला. पतीनें पत्नीवर केलेल्या बलात्काराला गुन्ह्याच्या व्याख्येंतून वगळणारा अपवाद जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मध्यें होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्यें, पत्नी अठरा वर्षांखालील नसल्यास, तो कायम आहे. दुसऱ्या प्रकरणानें या अपवादाची बोचणी दाखविली. तिसऱ्या प्रकरणांत मुलाच्या वयाचा प्रश्न येतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणें, सोळा वर्षें पूर्ण झालेल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची जाण यांची प्राथमिक तपासणी बाल न्याय मंडळ करतें. त्यानंतरच त्याचा खटला प्रौढाप्रमाणें चालवावा कीं नाहीं, हें ठरतें. त्याच अधिनियमाच्या कलम ७४ नें अशा मुलाची ओळख वृत्तपत्रांतून उघड करण्यास बंदी घातली आहे. या दोन गोष्टी ठाऊक असल्या, तर त्या कथेंतील गर्दीचा आणि गोंगाटाचा अर्थ प्रेक्षकाला अधिक लागतो.

परंतु एका बाबतींत मालिका नकळत मोठी दिशाभूल करते. माधव मिश्रा आपल्या अशिलाला भेटतो तो बहुधा योगायोगानें. तो त्या रात्रीं ठाण्यावर नसता, तर पहिल्या कथेंतील तरुणाचें काय झालें असतें, असें मनांत येतें. आणि चांगला वकील मिळणें हा दैवाचा खेळ आहे, असा समज दृढ होतो. कायदा तसें म्हणत नाहीं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनें मोफत कायदेशीर साहाय्याचें तत्त्व अनुच्छेद ३९-अ मध्यें आलें. 'एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १९७८ सालच्या खटल्यांत, आणि पुढच्याच वर्षीं हुसैनारा खातून यांच्या खटल्यांत, असें साहाय्य हा न्याय्य कार्यपद्धतीचाच भाग असल्याचें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. पुढें १९८७ चा विधि सेवा प्राधिकरण अधिनियम झाला, व ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलांत आला.

त्या अधिनियमाचें कलम १२ प्रत्येक घरांत ठाऊक असावें. स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाति-जमातींच्या व्यक्ति, अपंग, औद्योगिक कामगार, तसेंच कोठडींत असलेली कोणतीहि व्यक्ति, यांना मोफत वकिलाचा हक्क आहे. त्यासाठीं उत्पन्नाची अट नाहीं. आतां हें कलम हातीं घेऊन मालिकेकडे पाहावें. पहिल्या कथेंतील आरोपी कोठडींत आहे. दुसरींतील आरोपी स्त्री असून कोठडींत आहे. तिसरींतील आरोपी अल्पवयीन आहे. माधव मिश्रा भेटला नसता, तरी या तिघांनाहि वकील मिळण्याचा हक्क होता. तो त्यांना सांगितला जातो कीं नाहीं, आणि नेमलेला वकील मन लावून काम करतो कीं नाहीं, हा खरा चिंतेचा विषय आहे. कारण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आंकड्यांप्रमाणें देशांतील तुरुंगांत असलेल्यांपैकीं सुमारे तीन-चतुर्थांश माणसें निकाल लागावयाच्या आधींच तेथें आहेत.

प्रत्येक जिल्ह्यांत, तसें जालन्यांतहि, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालीं विधि सेवा प्राधिकरण आहे. त्याचें कार्यालय न्यायालयाशींच निगडित असतें. राष्ट्रीय प्राधिकरणाचा १५१०० हा दूरध्वनि क्रमांकहि सर्वांसाठीं खुला आहे. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी म्हण आहे. पण ज्याला ती चढावीच लागते, त्यानें एकट्यानें चढूं नये, अशी सोय कायद्यानें केली आहे.

तेव्हां न्यायालयाच्या शाखा-मालिकेची परीक्षा तीन प्रश्नांनीं करावी. मूळ मालिका न पाहिलेल्यालाहि ती समजते व धरून ठेवते काय? तिच्यांतील विलंब माणसाविषयीं कांहीं सांगतो, कीं केवळ वेळ काढतो? आणि कायद्याचें चित्र, रंजनाची सूट देऊनहि, मुळांत खरें आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें समीक्षकांनीं बऱ्याच अंशीं दिलीं आहेत. तिसऱ्याचें उत्तर घरांतील वडील माणसांनीं द्यावयाचें आहे. मालिकेचा भाग संपल्यावर, माधव मिश्रानें कशी बाजू मारून नेली याची चर्चा मुलांत चालली असेल, तेव्हां कलम १२ चा अर्थ त्यांना दोन वाक्यांत सांगावा. त्याला पांच मिनिटेंहि लागत नाहींत.