पांढऱ्या घोड्यांची हिवाळी शाळा

जानेवारीतल्या सकाळी व्हिएन्नात अनेकदा पारा शून्याखाली उतरलेला असतो. हॉफबुर्ग राजवाड्याच्या बाहेर माणसे कोटाच्या खिशात हात खुपसून भराभर चालत असतात. आत मात्र झुंबरांच्या उजेडात पांढरे घोडे अगदी सावकाश, जणू काही घाईच नाही असे चालत असतात. ही 'स्पॅनिश रायडिंग स्कूल'ची हिवाळी शाळा. सम्राट सहावा चार्ल्स याने ती १७२९ ते १७३५ या काळात बांधून घेतली. ५५ मीटर लांब, १८ मीटर रुंद असे हे दालन, ४६ खांबांवर तोललेली गॅलरी आणि एका टोकाला सम्राटाचे तैलचित्र! आत येणारा प्रत्येक स्वार आजही टोपी काढून त्या चित्राला अभिवादन करतो.

हे घोडे लिपिझानर जातीचे. आजच्या स्लोव्हेनियातल्या लिपित्सा गावी १५८० मध्ये त्यांची पैदास सुरू झाली. पूर्वज स्पेनचे, म्हणून शाळेचे नाव स्पॅनिश. गंमत अशी, की शिंगरू जन्मते ते काळपट. पांढरा रंग चढायला सहा ते दहा वर्षे लागतात. शिक्षणालाही साधारण तेवढाच काळ लागतो!

थंडीतला तास

थंडीत घोड्याची पाठ आणि मांड्या आखडलेल्या असतात. म्हणून सुरुवातीला नुसते चालणे, तेही लगाम सैल सोडून. काही स्वार घोड्याच्या कमरेवर झूल तशीच ठेवतात. थंड हवेने घोड्याच्या अंगात खोडीही संचारते. कोपऱ्यात काही खुट्ट झाले, की तो बुजतो, एखादी उडी मारतो. कसलेला स्वार अशा वेळी रागावत नाही. त्याला एका मोठ्या वर्तुळात दुडक्या चालीने फिरवत राहतो. मग हळूहळू मान खाली येते, पाठ सैल होते आणि घोडा नाकाने फुरफुरतो. ही फुरफुर म्हणजे 'आता शिकव' अशी परवानगीच.

त्यानंतर खरा अभ्यास. चाल, दुडकी, पुन्हा चाल, थांबणे. मग खांदा किंचित आत वळवून भिंतीकडेने चालणे. ग्यूरिनिएर या फ्रेंच गुरूने १७३३ च्या आपल्या ग्रंथात या व्यायामावर भर दिला आणि व्हिएन्नाची शाळा अजूनही त्याच वाटेने जाते. सगळ्याचा उद्देश एकच: घोड्याने मागचे पाय पोटाखाली घ्यावेत आणि वजन मागे पेलावे. असा घोडा पुढून हलका होतो, जागच्या जागी तालात दुडकू लागतो. पण मागचे सांधे आणि पाठ त्यासाठी बळकट व्हायला वर्षे लागतात. तोवर लगाम ओढून मान वाकवली, तर लांबून चित्र तेच दिसते. फक्त शेपटी फटकारली जाते, दात करकरतात आणि घोडा मनातून कायमचा तुटतो. ढोलाच्या गजरात घोडा नाचवणाऱ्यांनी ही शेपटी एकदा नीट पाहावी.

इथे चार वर्षांचा घोडा पहिले वर्षभर बहुतेक सरळच चालवला जातो. नवख्या उमेदवाराचीही तीच गत. लांब दोरीला बांधलेल्या घोड्यावर, रिकीब आणि लगामाशिवाय, कित्येक महिने नुसते बसायला शिकायचे. नव्या स्वाराला म्हातारा घोडा शिकवतो, नव्या घोड्याला मुरलेला स्वार. म्हणून ही विद्या पुस्तकात मावत नाही. मधली एक पिढी गेली, की साखळी तुटली.

ती तुटता तुटता राहिली १९४५ साली. व्हिएन्नावर बॉम्ब पडत होते, तेव्हा शाळेचे प्रमुख अलॉइस पोधाज्स्की यांनी घोडे वरच्या ऑस्ट्रियातल्या सेंट मार्टिनला हलवले. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये याच कलेत त्यांनी कांस्यपदक मिळवले होते. माणसांनाच अन्न मिळेना, तिथे घोड्यांना काय मिळणार? ७ मे १९४५ रोजी त्यांनी अमेरिकन सेनापती पॅटन यांच्यापुढे घोडे सादर केले आणि संरक्षण मागितले. ते मिळाले. पण घोड्या आणि शिंगरे चेकोस्लोव्हाकियात अडकलेली. ती नसती तर पुढची पिढी कुठून येणार? अमेरिकन सैनिकांनी त्यांनाही सोडवून आणले. शाळा मात्र व्हिएन्नात परतली ती १९५५ मध्ये. मुलींना पहिल्यांदा प्रवेश मिळायला तर २००८ उजाडले!

स्पर्धेतल्या ड्रेसाजची मुळे याच जुन्या विद्येत आहेत. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघाने त्यात सुवर्णपदक पटकावले. अश्वारोहणात ४१ वर्षांनी मिळालेले. संघात मुंबईचा हृदय छेडा, कोलकात्याचा अनुश अगरवाला, इंदूरची सुदीप्ती हजेला आणि जयपूरची दिव्याकृती सिंग होते. अनुश तर सतराव्या वर्षीच जर्मनीला गेला होता. २०२४ मध्ये तो पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजला उतरलेला पहिला भारतीय ठरला.

व्हिएन्नातला तास मात्र पदकावर संपत नाही. घोडा घामेजण्यापूर्वीच काम आवरते घेतात, कारण ओल्या अंगाला थंडी बाधते. जमलेली एखादी सोपी गोष्ट शेवटी पुन्हा करवून घेतात, लगाम सैल सोडतात. स्वाराच्या कोटाच्या मागच्या खिशात साखरेचे खडे असतात. घोडा ते हुंगून शोधतो, झूल पांघरतो आणि पागेकडे निघतो. दारात पुढचा घोडा उभा असतो.