वळणाचे ब्रेक आणि डाव्या-उजव्याची भाषा

मोटारगाडीला ब्रेकचे एकच पेडल असते, ट्रॅक्टरला मात्र दोन असतात. एक डाव्या मागच्या चाकाचे, दुसरे उजव्या मागच्या चाकाचे. दोन्ही पेडलना जोडणारी लोखंडी कडी लावली की मिळून एकच ब्रेक होतो. कडी काढली की दोन स्वतंत्र ब्रेक होतात. यांनाच वळणाचे ब्रेक म्हणता येईल. त्यांचे काम कसे चालते, हायड्रोस्टॅटिक पद्धतीच्या लहान ट्रॅक्टरवर त्यांचे स्थान वेगळे का आहे, आणि वर्गात ते शिकवताना भाषेची कोणती अडचण येते, या तीन बाबींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. लेखक भाषेचा अध्यापक आहे, यंत्रशास्त्राचा नव्हे. परंतु येथे एका शब्दाच्या गोंधळाने ट्रॅक्टर उलटू शकतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

ब्रेक वळण कसे घडवतो?

इंजिनाची शक्ती मागच्या दोन चाकांकडे डिफरन्शियलमधून जाते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त आणि आतल्या चाकाला कमी अंतर कापावे लागते. हा फरक डिफरन्शियलमुळे शक्य होतो. त्याचा एक नियम फळ्यावर लिहून ठेवण्यासारखा आहे : मागून येणारी गती तीच असेल, तर दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची बेरीज कायम राहते. सरळ जाताना प्रत्येक चाक मिनिटाला ४० फेरे घेत असेल, तर बेरीज ८०. आता डावे चाक ब्रेकने पूर्ण थांबवले, तर उजवे चाक एकटे ८० फेरे घेऊ लागते. थांबलेले चाक खुंट्यासारखे होते आणि ट्रॅक्टर त्याच्याभोवती फिरतो. बैलजोडी बांधाजवळ वळवताना आतला बैल जवळजवळ जागेवरच राहतो आणि बाहेरचा मोठा फेरा मारतो; तत्त्व तेच आहे.

मग स्टिअरिंग पुरत नाही का? कोरड्या, घट्ट जमिनीवर पुरते. पण मागे जड अवजार असेल, तर पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो. मऊ किंवा ओल्या मातीत ती चाके वळवूनही पुढेच घसरत जातात. अशा वेळी आतल्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबला की ट्रॅक्टर कमी जागेत वळतो. दुसरा उपयोग चिखलातला. एक चाक नुसतेच गरगर फिरत असेल, तर त्याच चाकाला थोडा ब्रेक लावावा. मग शक्ती दुसऱ्या, पकड असलेल्या चाकाकडे जाते.

काही मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आधी वेग कमी करावा, मग स्टिअरिंग वळवावे आणि शेवटी ब्रेक दाबावा. डिफरन्शियल लॉक लावलेला असताना वळू नये. दोन्ही चाके एकत्र बांधली गेल्यावर एका चाकाच्या ब्रेकला अर्थ उरत नाही आणि यंत्रावर ताण येतो. पुढे लोडरवर उचललेले ओझे असताना हा प्रयोग टाळावा. हिरवळीवर थांबलेले चाक जागेवरच पिळले जाऊन गवत मुळासकट उखडते, म्हणून तेथे मोठे वळण घेणेच बरे.

हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरचे वेगळेपण

शेतीच्या ट्रॅक्टरवर ही पद्धत अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६७ साली आपल्या ६५६ या मॉडेलवर आणली. आज तेथे बागा, घोड्यांचे तबेले आणि छोट्या शेतांवर वापरल्या जाणाऱ्या लहान ट्रॅक्टरांत ती सर्रास आढळते. आपल्या महिंद्रा कंपनीची अमेरिकेतील शाखा १९९४ मध्ये सुरू झाली. तीही तेथे असे ट्रॅक्टर विकते.

यात इंजिन एक पंप फिरवते, पंपातून दाबाने निघालेले तेल एक मोटर फिरवते आणि ती मोटर पुढे चाकांना गती देते. पंपातील कलती तबकडी पायाच्या पेडलने कमीअधिक कलवली की तेलाचा प्रवाह बदलतो आणि त्याबरोबर वेगही. तबकडी उलट बाजूला कलली की ट्रॅक्टर मागे जातो. चालताना क्लच दाबून गिअर बदलण्याची गरज राहत नाही. पेडल सोडले की प्रवाह थांबतो आणि ट्रॅक्टर आपोआप मंद होऊन थांबतो.

येथेच धोक्याचे मूळ आहे. रोजच्या कामात थांबण्यासाठी ब्रेक लागतच नाही, त्यामुळे ब्रेक म्हणजे वळण्याचे साधन, अशी चालकाच्या पायाला सवय जडते. कडी दिवसेंदिवस उघडीच राहते. पुढे कधी तो ट्रॅक्टर रस्त्यावर काढतो, उतार लागतो, अचानक थांबावे लागते आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडतो. शेतात ताशी तीन-चार किलोमीटर वेगाने जे सुबक वळण होते, तेच रस्त्यावरच्या वेगात ट्रॅक्टरला आडवे फिरवून उलटवते. अमेरिकेतील शेतीकामांतल्या मृत्यूंमध्ये ट्रॅक्टर उलटणे हे एक प्रमुख कारण मानले जाते.

म्हणून नियम असा : शेताबाहेर पडण्यापूर्वी कडी लावावी, दोन्ही पेडल सारखी दाबली जातात हे पाहावे आणि सुरक्षा चौकट उभी असेल तर कमरेचा पट्टा बांधावा. उतारावर रेंजचा दांडा न्यूट्रलमध्ये टाकू नये. तसे केल्यास तेलाचा रोध चाकांपर्यंत पोहोचत नाही आणि ट्रॅक्टर मोकळा धावतो. उभा करतानाही तेलाच्या रोधावर विसंबू नये, पार्किंग ब्रेक लावावाच.

आपल्याकडचा विद्यार्थी हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर कदाचित पाहणारही नाही. पण दोन पेडल आणि मधली कडी त्याच्या गावच्या गिअरच्या ट्रॅक्टरवरही आहे, आणि तोच ट्रॅक्टर उसाची ट्रॉली ओढत रस्त्यावर येतो.

डावा, दायाँ आणि सीधा

आता भाषेचा प्रश्न. आपल्या वर्गांत मराठी, उर्दू, दखनी आणि बेळगावकडे कन्नड बोलणारी मुले एकत्र बसतात. मराठीत ‘डावा’ म्हणजे ज्या हाताला, नेमके त्याच्या उलट हाताला उर्दूत ‘दायाँ’ म्हणतात. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाला इंजिनाच्या आवाजात ‘डावा’ हा शब्द ‘दायाँ’सारखा ऐकू येणे अगदी स्वाभाविक आहे. दखनी बोलीत उजव्याला ‘सीधा’ आणि डाव्याला ‘उलटा’ म्हणण्याची रीत आहे. परंतु ट्रॅक्टरवर ‘सीधा’ म्हणजे सरळही होते आणि ‘उलटा’ म्हणजे मागेही. वहीत हा गोंधळ झाला तर एक गुण जातो. वळणाच्या ब्रेकवर झाला तर ट्रॅक्टर दुसरीकडेच फिरतो आणि तेथे माणूस उभा असू शकतो.

यावर उपाय अवघड नाही. पहिला, सूचना देताना बाजूचे नाव न घेता ‘जिकडे वळायचे, तिकडचे पेडल’ असे म्हणावे. दुसरा, प्रत्येक पेडल आणि त्याच बाजूचे मडगार्ड एका रंगात रंगवावे. मग ‘लाल’ आणि ‘पिवळे’ हे शब्द पुरतात. तिसरा, पाय ठेवण्यापूर्वी विद्यार्थ्याने वळण्याची दिशा हाताने दाखवावी. चौथा, नुसते ‘ब्रेक दाब’ न म्हणता शेतात ‘एक ब्रेक’ आणि रस्त्यावर ‘जोडब्रेक’ असे दोन वेगळे शब्द पहिल्या दिवसापासून वापरावेत. ‘जोडब्रेक’ म्हटले की कडी आठवलीच पाहिजे.

यंत्राचे शिक्षक आणि भाषेचे शिक्षक यांनी मिळून अशी शब्दांची यादी सत्राच्या आरंभीच निश्चित करावी आणि ती कार्यशाळेच्या भिंतीवर मराठी व उर्दू अशा दोन्ही लिप्यांत लावावी. प्रात्यक्षिक परीक्षेत पहिला गुण वळणाला न देता, शेतातून रस्त्यावर येताना न सांगता कडी लावणाऱ्याला द्यावा.