नीलपंखाचा निळा फोटोत का हरवतो?

दिवाळीच्या सुट्टीत नवाकोरा कॅमेरा घेऊन वर्धा जिल्ह्यात आलेल्या पाहुण्याला आधी बोरचं जंगल गाठायचं असतं. पण पक्ष्यांचे फोटो काढायला शिकायचं, तर आर्वी तालुक्यातल्या रोहण्यासारख्या गावातला शेताचा धुरा, म्हणजे बांधच बरा. कापसाची वेचणी चाललेली असते आणि विजेच्या तारेवर नीलपंख बसलेला असतो. वर्धेकरांनी मतदान करून शहरपक्षी म्हणून निवडला तोच हा.

बसलेला नीलपंख मातकट दिसतो. मान किंचित वाकवून तो जमिनीवर नजर रोखतो. नाकतोडा हलला की झेप घेतो, आणि पंख उघडताच गडद-फिकट निळे पट्टे लखलखतात. बऱ्याचदा तो त्याच तारेवर परततो, नाकतोडा आपटून मारतो आणि गिळतो. शिकाऊ फोटोग्राफरला या सवयीचा मोठा फायदा. तारेवरच्या त्या जागेवर फोकस धरायचा, शटर १/२००० सेकंदावर ठेवायचं आणि थांबायचं. पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून झेप घेतात आणि उतरतात. म्हणून वारा पाठीवर घ्यावा.

तरीही सुरुवातीचे फोटो काळपट येतात. एक कारण कॅमेऱ्यात आहे. मागचं आकाश उजळ असलं की कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि पक्षी काळा पडतो. एक्सपोजर एका पायरीने वाढवलं की हे बरंचसं सुधारतं.

दुसरं कारण थेट पिसात आहे, आणि ते जास्त सुंदर आहे. नीलपंखाच्या पिसात निळं रंगद्रव्यच नसतं! पिसाच्या तंतूंत केराटिन हे प्रथिन आणि हवा यांचं स्पंजासारखं अतिसूक्ष्म जाळं असतं. त्यातून विखुरणाऱ्या निळ्या लहरी एकमेकींना बळ देत माघारी येतात. उरलेला बराचसा प्रकाश खालचं मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य शोषून घेतं. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये नीलपंखाच्याच पिसांवर शोधनिबंध लिहिला. आकाशाच्या निळाईचं स्पष्टीकरण जसंच्या तसं पिसाला लावणं त्यांना पटलं नव्हतं. पुढे १९९८ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ रिचर्ड प्रम आणि सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या कोटिंगा पक्ष्याच्या निळ्या पिसांचं जाळं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्याच्या रचनेत एक सुसूत्रता आहे आणि निळा रंग तिच्यातूनच येतो, हे त्यांनी दाखवून दिलं.

म्हणजे ज्या बाजूने ऊन येतं, त्याच बाजूला निळा परततो. धुऱ्यावर गळलेलं पीस दिसलं तर उजेडासमोर धरून आरपार बघा: निळा जातो, तपकिरी उरतो. बघून झालं की पीस तिथेच ठेवा. सकाळी तारेच्या पूर्वेला, सूर्य पाठीशी घेऊन उभं राहिलात, तर पंख उघडताच खरा रंग मिळेल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र जपून. तेव्हा नीलपंखाची अंडी-पिल्लं झाडाच्या ढोलीत असतात. ढोलीजवळ कोणी ठाण मांडलं, तर आईबाप चारा घेऊन आत जायला कचरतात आणि पिल्लं उपाशी राहतात. ढोलीचा फोटो नको.