आरएक्स १०० घ्यायचीय? आवाज नंतर ऐका, आधी आरसी बघा

लातूर-नांदेड रोडनं एखादी आरएक्स १०० गेली की टपरीवरची माणसं आजही चहा हातात धरून वळून बघतात. गाडी दिसायच्या आधी आवाज येतो. आता विशीतली पोरंही हीच गाडी शोधत फिरायलीत. चांगल्या गाडीला लाखाच्या पुढं भाव सांगतात, तरी गिऱ्हाईक हटत नाही.

यामाहाची ही गाडी एस्कॉर्ट्स कंपनीनं १९८५ च्या शेवटी भारतात आणली आणि १९९६ ला ती बंद झाली. म्हणजे शेवटची निघालेली गाडीही आता तिशीची.

इंजिन फक्त ९८ सीसी, पण ताकद ११ हॉर्सपॉवर. त्याच वर्षी आलेल्या हिरो होंडा सीडी १०० ची सात-साडेसात. सीसी जवळपास सारखे, मग फरक कशाचा? पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालवायचा पाठीवरचा फवारणी पंप आठवा. तसंच हे टू-स्ट्रोक इंजिन. फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा पेट्रोल पेटतं, यात प्रत्येक फेऱ्याला. वरून गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. मूठ पिळली की उडालीच म्हणा!

तोटाही तिथंच आहे. थोडं पेट्रोल न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं, ऑइल जळतं, धूर होतो, ॲव्हरेज बसत नाही. धुराचे नियम कडक झाले, आणि रोज पेट्रोल मोजून टाकणारा दूधवाला, मास्तर आधीच फोर-स्ट्रोककडं वळला होता. आमच्या वडिलांनीही आरएक्स भंगाराच्या भावात देऊन टाकली.

ती हळहळ मनात होती म्हणून मी दोन वर्षांमागं एक जुनी घेतली. पासष्ट हजार रोख मोजले. किक मारली, आवाज ऐकला आणि विरघळलो. नावावर करायला गेलो तर इंजिन नंबर आरसीशी जुळेना. कुणीतरी मधेच इंजिन बदललेलं. विकणारा आता फोन उचलत नाही.

म्हणून सांगतो, रॉकेलचा बोळा घेऊन जा. इंजिन आणि चेसिसवरचा नंबर घासून पुसा आणि आरसीवरच्या नंबराशी एकेक आकडा ताडून बघा. आरएक्स १०० चा नंबर ‘१एल१’ नं सुरू होतो. आकड्यांवर घासल्याच्या, ठोकल्याच्या खुणा असतील तर तिथूनच माघारी फिरा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते झालंय का, हे एमपरिवहन ॲपवर गाडी नंबर टाकला की दिसतं. फॉर्म २९ आणि ३० वर मूळ मालकाची सही पाहिजे, मधल्या एजंटाची नाही. परराज्यातली गाडी असेल तर एनओसीही मागा.

ऑइल पंप चालू आहे का तेही विचारा. बऱ्याच जणांनी तो काढून टाकलाय आणि ऑइल पेट्रोलमध्येच ओततात. माप चुकलं की पिस्टन जाम.

माझी गाडी अजून गोठ्यातच उभी आहे, कडब्याच्या पेंढ्यांना टेकून.