देव कसा आहे? बारा वर्षांच्या मुलांचा प्रश्न

इंग्लंडमधील स्लाऊ या गावी राहणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी दूरध्वनीवरून एक प्रश्न विचारला. त्याचे वय बारा. शाळेत धार्मिक शिक्षणाच्या तासाला त्याला गृहपाठ मिळाला होता. ख्रिस्ती लोकांच्या मते देव कसा आहे, हे शब्दांत किंवा चित्रात मांडायचे आणि त्याखाली स्वतःचे मत कारणांसह लिहायचे. "मामा, आपण तर ख्रिस्ती नाही. मग मी काय लिहू?" असे तो विचारत असताना त्याची आजी, म्हणजे माझी आई, शेजारीच बसली होती. तिचा चेहरा एकदम गंभीर झाला. "पोराला बाटवायला निघालेत की काय ते लोक?" एवढेच ती म्हणाली.

आजीची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मात्र तिचे उत्तर इंग्लंडच्या कायद्यातच आहे. तेथे १८७० साली सरकारी खर्चाच्या शाळा सुरू झाल्या, तेव्हाच त्या शाळांत कोणत्याही एका पंथाची प्रश्नोत्तरावली शिकवायची नाही, असे कलम घालण्यात आले. १९४४च्या शिक्षण कायद्याने हा विषय सर्व शाळांत बंधनकारक केला. पण आपल्या पाल्याला त्या तासातून काढून घेण्याचा पालकांचा हक्कही राखला. १९८८च्या कायद्याने अभ्यासक्रमाची दिशा सांगितली. ब्रिटनची धार्मिक परंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहे याचे भान अभ्यासक्रमाने ठेवावे आणि इतर प्रमुख धर्मांचीही दखल घ्यावी, अशी ती दिशा. अभ्यासक्रम लंडनहून ठरत नाही. स्थानिक पातळीवर एक परिषद तो ठरवते आणि तीत निरनिराळ्या पंथांचे व धर्मांचे प्रतिनिधी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी एकत्र बसतात. चर्चच्या स्वतःच्या शाळांची व्यवस्था अर्थात वेगळी आहे. परंतु सर्वसाधारण शाळेत शिक्षकाचे काम मुलाला श्रद्धाळू बनवण्याचे नाही. श्रद्धाळू माणूस काय मानतो आणि का मानतो, हे मुलाला नीट समजावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते.

हे आईला सांगितले. तिचे समाधान अर्धेच झाले.

आता अकरा ते चौदा हेच वय या प्रश्नासाठी महत्त्वाचे का, हे पाहू. १९६४ साली रोनाल्ड गोल्डमन या ब्रिटिश अभ्यासकाने सुमारे दोनशे शाळकरी मुलांना बायबलमधील जळते झुडूप, तांबडा समुद्र ओलांडणे अशा कथा सांगून त्यांच्याशी संवाद केला आणि त्यावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. लहान मुले या कथा शब्दशः घेतात आणि रूपकाचा, अमूर्ताचा विचार त्यांना साधारणतः बारा-तेराच्या आसपास जमू लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. लहान मुलांच्या आध्यात्मिक जाणिवेला त्यांनी कमी लेखले, हा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल. तरीही एक गोष्ट कोणीही शिक्षक मान्य करील. सातव्या वर्षी देव ढगांवर बसलेला आहे असे मानणारे मूल बाराव्या वर्षी त्याच चित्राला हसू लागते. त्या वेळी त्याच्यापुढे दुसरे चित्र नसेल, तर ते चित्राबरोबर प्रश्नही टाकून देते.

म्हणून वर्गातला पहिला उद्योग असतो तो पांढऱ्या दाढीचा. मुलांना देव काढायला सांगितले की बहुतेकांच्या कागदावर दाढीवाला म्हातारा उमटतो. हा म्हातारा आला कोठून, हे शोधायला लावले म्हणजे गंमत सुरू होते. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रोमच्या सिस्टीन चॅपेलच्या छतावर रंगवलेला देव मुलांनी चहाच्या पेल्यांवरसुद्धा पाहिलेला असतो. पण बायबलमध्ये दहा आज्ञांपैकी एक तर मूर्ती करू नये असेच सांगते! मग चित्र काढायचे नाही तर बोलायचे कशाने? येथे मुले बायबल उघडतात आणि त्यांना उपमांचा मोठा साठा सापडतो. देव खडक आहे, मेंढपाळ आहे, राजा आहे, मातीला आकार देणारा कुंभार आहे. यशयाच्या ग्रंथात तो लेकराचे सांत्वन करणाऱ्या आईसारखा आहे, आणि येशू स्वतःला पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. यांतील प्रत्येक उपमा काय सांगते आणि कोठे तोकडी पडते, हे मुलांनी लिहायचे. खडक भक्कम असतो, पण तो ऐकत नाही. राजा सामर्थ्यवान असतो, पण तो भेटत नाही.

'पिता' या उपमेपाशी मात्र शिक्षकाला जपून पावले टाकावी लागतात. येशूने देवाला 'अब्बा' म्हटले; अरामी भाषेतील हा शब्द घरातला, बापाला हाक मारण्याचा. ख्रिस्ती प्रार्थनेचा हा कणा आहे. परंतु वर्गात असाही एखादा मुलगा असतो, ज्याचा बाप घर सोडून गेलेला आहे किंवा ज्याच्या हाताची घरात भीती आहे. त्याला 'देव बापासारखा आहे' हे वाक्य आश्वासक वाटेलच असे नाही. जाणता शिक्षक अशा वेळी बाप कसा असावा हे आधी मुलांनाच बोलू देतो आणि मग लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या कथेकडे वळतो.

ही कथा या वयासाठी जणू घडवलेली आहे. धाकटा मुलगा जिवंत बापाकडे वाटणी मागतो, परदेशी जाऊन सारे उडवतो, डुकरे राखायची पाळी आल्यावर परततो. बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावत सुटतो. त्या काळच्या समाजात प्रतिष्ठित वृद्धाने असे धावणे शोभणारे नव्हते, हे सांगितले की मुलांना कथेचा धक्का कळतो. मग थोरला भाऊ येतो. इतकी वर्षे राबलो, मला काय मिळाले, असे म्हणत तो दाराबाहेर अडून बसतो. वर्गातील निम्म्या मुलांची सहानुभूती थोरल्याकडे असते, असे भाच्याने मला सांगितले, त्याचीही होती. घरातला धाकटा असूनही! ख्रिस्ती माणूस ज्याला 'कृपा' म्हणतो, ती कमाईच्या हिशेबात बसत नाही, हा मुद्दा व्याख्येने कळणे कठीण. थोरल्याचा राग आधी खरा वाटला, तरच तो कळतो.

याहून अवघड प्रकरण त्रैक्याचे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन, तरीही देव एकच. 'ब्रह्मा-विष्णू-महेशासारखेच ना?' असा भाच्याचा पुढचा प्रश्न होता आणि मराठी घरातून तो येणारच. साम्य दिसते तिथेच थांबले तर फसगत होते. त्रिमूर्तीत निर्मिती, पालन आणि संहार अशी कामांची वाटणी सांगितली जाते. ख्रिस्ती विचारात तशी वाटणी नाही. जे काही देव करतो ते तिघे मिळून करतात, आणि त्या तिघांमधील परस्पर प्रेम हेच देवाचे स्वरूप, असे तो विचार सांगतो. पाणी, बर्फ आणि वाफ हे शाळेतील आवडते उदाहरणही फसवे आहे. त्यात एकच वस्तू वेळोवेळी रूप बदलते, आणि नेमके हेच मत प्राचीन चर्चने नाकारले होते. बायबलमध्ये त्रैक्य हा शब्द सापडत नाही. पुत्र हा निर्माण केलेला, म्हणून पित्याहून कमी, असे मानणाऱ्या एरियसशी वाद होऊन इ.स. ३२५ मध्ये नायसिया येथील धर्मपरिषदेने ते मत फेटाळले. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पवित्र आत्म्याविषयीची भूमिका स्पष्ट केली. एवढा इतिहास मुलांना सांगावा, असे माझे मत आहे. मोठमोठे विद्वान ज्यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडले ते आपल्याला एका तासात समजले नाही, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, हे त्यांना कळते. 'सगळे देव शेवटी एकच' हे आपल्याकडचे आवडते वाक्य उदार आहे खरे, पण वर्गात ते फार लवकर उच्चारले गेले तर विचार तेथेच थांबतो.

अर्थात परक्या भाषेत देवाविषयी बोलताना शब्द जवळचेच शोधावे लागतात. या कामात एका इंग्रजाने मराठीचे मोठे ऋण घेतले आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये छापून निघाले. नवख्या ख्रिस्ती श्रोत्यांनी शंका विचाराव्यात आणि पाद्रीने उत्तरे द्यावीत, अशी त्याची धाटणी. स्वर्गाला त्यांनी खुशाल वैकुंठ म्हटले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ख्रिस्ताला आई मानून आणि गुरू मानून आळवले. माऊली म्हणजे काय, हे वारकऱ्यांच्या मुलखात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. टिळकांचे नाव निघाले तेव्हा आई खुर्ची पुढे ओढून ऐकू लागली. तिने लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचलेली आहेत.

या वयातील सर्वांत जड प्रश्न मात्र वेगळाच असतो. देव प्रेमळ आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर मग असे का होते? २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील ॲबरफॅन येथे कोळशाच्या खाणीतील टाकाऊ मातीचा डोंगर घसरून शाळेवर आला आणि ११६ मुले व २८ प्रौढ दगावले. २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, त्सुनामीने तमिळनाडूतील वेलंकणीच्या किनाऱ्यावर शेकडो माणसे ओढून नेली. मरियेच्या दर्शनाला आलेले भाविक त्यांत होते. पहिल्या घटनेत माणसाची हलगर्जी होती. दुसरीत तीही नव्हती. मुलांना हा फरक चटकन दिसतो, म्हणून 'माणसाला स्वातंत्र्य दिले आहे' हे उत्तर त्यांना पुरत नाही. त्या वेळचे कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी २००५च्या जानेवारीत वृत्तपत्रात लेख लिहून, अशा आपत्तीने श्रद्धेपुढे प्रश्न उभे राहणे स्वाभाविक आहे, असे मोकळेपणाने म्हटले होते. धर्मगुरूच असे म्हणतो, हे ऐकून वर्गातील श्रद्धाळू मुलाला शंका घेण्याचे धैर्य येते आणि नास्तिक घरातल्या मुलाला ऐकून घेण्याचे.

बायबलमध्येही या प्रश्नाला गुळगुळीत उत्तर नाही. ईयोबाच्या ग्रंथात सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याला सांगत राहतात की तुझ्याच पापाचे हे फळ. शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण तो कारण सांगत नाही, उलट ईयोबालाच प्रश्न विचारतो. आणि खडसावतो ते त्या उपदेशक मित्रांना. शुभवर्तमानात तर क्रुसावरचा येशू देवाने आपल्याला का सोडले असे विचारतच प्राण सोडतो. देव दुःख दूर करतो असे नव्हे, तर तो दुःखात शिरतो, अशी ख्रिस्ती श्रद्धेची मांडणी आहे. ती पटते की नाही, हे गृहपाठाच्या दुसऱ्या भागात लिहायचे असते, आणि तेथे कोणत्याही एका उत्तराला जास्त गुण नसतात. कारणे दिली आहेत का, एवढेच पाहिले जाते.

भाच्याने अखेरीस काय लिहिले ते त्याने मला वाचून दाखवले. चित्रात त्याने उघडे दार आणि वाटेवरून धावणारे दोन पाय काढले होते. चेहरा काढलाच नव्हता. स्वतःच्या मतात लिहिले होते, की देव धावत येतो हे मला आवडले, पण त्सुनामीच्या वेळी तो कोठे धावत होता ते मला कळले नाही, आणि आमच्या आजीच्या देवघरातला बाळकृष्ण रांगतो. बाईंनी शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढून 'पुढच्या तासाला याविषयी वर्गाला सांगशील का?' असे लिहिले. त्या तासासाठी आता आजीकडून माहिती मागवण्यात आली आहे, आणि दर रविवारी ती दूरध्वनीवर त्याला बाळकृष्णाच्या गोष्टी सांगत आहे. परवा तिने मधेच थांबून त्याला विचारले, "अरे, तो थोरला शेवटी घरात गेला का रे?" कथेत ते सांगितलेले नाही, असे त्याने तिला समजावून सांगितले.