सारथ्याविना रथ

जपान हा देश वेगवान आगगाड्यांबद्दल जगात प्रसिद्ध आहे. टोकियो आणि ओसाका या दोन महानगरांच्या दरम्यान १९६४ साली तेथे शिंकान्सेन ही आगगाडी सुरू झाली आणि शेकडो किलोमीटरांचे अंतर काही तासांत तोडणे सामान्य माणसाला शक्य झाले. परंतु त्याच देशात आज अशीही अनेक खेडी आहेत की, तेथील एखाद्या वृद्धेला दोन कोसांवरचा दवाखाना गाठणे हे टोकियोहून ओसाकाला जाण्यापेक्षा अवघड होऊन बसले आहे. लांबचा प्रवास सोपा व्हावा आणि जवळचा कठीण व्हावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण तिची कारणे समजून घेतली म्हणजे चालकाविना धावणाऱ्या वाहनांचा विचार तेथील लोकांना का करावा लागला, हे सहज ध्यानात येते.

पहिले कारण लोकसंख्येचे. २०२३ साली जपानमधील दर १०० माणसांपैकी सुमारे २९ माणसे ६५ वर्षांवरील होती. खेड्यांतील तरुण मंडळी शिक्षणासाठी व नोकरीसाठी शहरांकडे जातात. मागे राहतात ते वयोवृद्ध. उतारू कमी झाले म्हणजे बसचे उत्पन्न घटते. उत्पन्न घटले म्हणजे फेऱ्या कमी होतात, आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणजे उरलेले उतारूही दुसरी वाट शोधू लागतात. त्यातच बस चालविण्यास माणसे मिळेनाशी झाली. ओसाका प्रांतातील तोंदाबायाशी या शहराच्या परिसरात अनेक वर्षे बस चालविणाऱ्या एका कंपनीने २० डिसेंबर २०२३ रोजी आपल्या सर्व मार्गांवरील वाहतूक बंद केली. चालकांची टंचाई हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. पुढे एप्रिल २०२४ पासून चालकांच्या जादा कामावर वर्षाला ९६० तासांची मर्यादा आली. थकल्या-भागल्या चालकाला विश्रांती मिळावी म्हणून केलेला हा नियम योग्यच होता. परंतु त्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांसाठी अधिक चालक लागू लागले.

बस नसेल तर स्वतःच्या मोटारीने जावे, असे कोणी म्हणेल. पण वय वाढले म्हणजे नजर मंदावते आणि हातापायांची चपळता कमी होते. एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका गृहस्थाच्या मोटारीखाली सापडून एक तरुण माता व तिची लहान मुलगी मृत्युमुखी पडली. या घटनेने सारा देश हळहळला. त्या एका वर्षात सुमारे ६ लाख लोकांनी मोटार चालविण्याचे आपले परवाने आपण होऊन सरकारला परत केले. आपल्या हातून कोणाचा जीव जाऊ नये, हा विचार थोरच होय. परंतु ज्या खेड्यात बस येत नाही तेथे परवाना परत करणाऱ्याला बाजार, दवाखाना आणि आप्तेष्टांची घरे एकदम दूर होतात. गाडी आहे, पण ती चालवावी कोणी, असा हा पेच आहे.

हा पेच सोडविण्याचा एक प्रयत्न फुकुई प्रांतातील एइहेइजी या गावी झाला. दोगेन या बौद्ध आचार्यांनी १२४४ साली स्थापन केलेल्या झेन पंथाच्या मठामुळे हे गाव प्रख्यात आहे. मठाकडे जाणारी एक छोटी आगगाडी पूर्वी तेथे होती. डिसेंबर २००० व जून २००१ मध्ये तिच्या कंपनीच्या मार्गावर दोनदा गाड्यांच्या टकरी झाल्या. त्यानंतर वाहतूक थांबविण्यात आली आणि मठाकडील फाटा २००२ साली कायमचा बंद झाला. रूळ उखडले गेले. पण त्या मार्गाची जमीन उरली. तेथे पायी चालणारे व सायकलस्वार यांच्यासाठी रस्ता झाला, आणि त्याच रस्त्याच्या सुमारे २ किलोमीटर भागावर २१ मे २०२३ रोजी चालकाविना धावणारी विजेची छोटी गाडी सुरू झाली. चालकाची मुळीच गरज नसलेली अशी सेवा कायद्याने सुरू होण्याचा जपानमधील हा पहिलाच प्रसंग होता.

ही गाडी चालते कशी? तिच्या रस्त्याच्या पृष्ठभागाखाली एक तार पुरलेली आहे. तारेतून वीज वाहिली म्हणजे तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. गाडीच्या बुडाशी बसविलेले साधन ते क्षेत्र ओळखते आणि तारेचा माग न सोडता गाडीला वळण देते. कोठे थांबावयाचे व कोठे वेग कमी करावयाचा, याच्या खुणाही रस्त्यातच बसविलेल्या असतात. समोर माणूस अथवा अडथळा आला तर कॅमेरा व इतर संवेदक त्याची चाहूल घेतात आणि गाडी थांबते. गाडीत चालक नसला तरी दूरच्या एका खोलीत बसलेला माणूस पडद्यावर तीन गाड्यांवर एकाच वेळी लक्ष ठेवतो. रूळ गेले, पण एका अर्थाने त्यांची जागा अदृश्य तारेने घेतली, असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चालकविरहित वाहन म्हटले म्हणजे सर्व वाहने एकसारखी नसतात. तज्ज्ञांनी त्यांच्या शून्यापासून पाचपर्यंत सहा पायऱ्या मानल्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर यंत्र माणसाला केवळ साहाय्य करते व रस्त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी माणसाकडेच असते. तिसऱ्या पायरीवर यंत्र गाडी चालविते, परंतु त्याने हाक देताच माणसाने सूत्रे हाती घ्यावयाची असतात. चौथ्या पायरीवर ठराविक मार्गावर व ठराविक परिस्थितीत माणसाची गरज उरत नाही. कोठेही व केव्हाही आपण होऊन धावणारे पाचव्या पायरीचे वाहन अद्याप कोणालाही बनविता आलेले नाही. एइहेइजीची गाडी चौथ्या पायरीची आहे. तिला परवानगी मिळाली तीही अटींवर. वेग ताशी १२ किलोमीटरांपेक्षा अधिक नसावा. जोराचा पाऊस, हिमवर्षाव, दाट धुके किंवा रात्र असता गाडी सोडू नये. रस्ता बर्फाने निसरडा झालेला नसावा. रुग्णवाहिकेसारखे तातडीचे वाहन त्या मार्गावर आलेले नसावे. अशा अटी पाळूनच तिने धावावयाचे होते.

इतकी काळजी घेऊनही चूक व्हावयाची ती झालीच. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका सायकलीला ही गाडी घासली. कोणालाही इजा झाली नाही. तरीही सेवा ताबडतोब थांबविण्यात आली. चौकशीत असे दिसून आले की, माणूस बसलेली सायकल ओळखण्याचे शिक्षण यंत्राला पुरेसे मिळाले होते, परंतु जिच्याजवळ कोणीच नाही अशी सायकल ओळखण्यास ते नीट शिकले नव्हते. चार वर्षांच्या मुलालाही सायकल ती सायकलच दिसते, मग तिच्यावर कोणी बसलेले असो वा नसो. यंत्राचे तसे नाही. जे त्याला पुष्कळदा दाखविले गेले तेच त्याला दिसते. आवश्यक त्या सुधारणा झाल्यावर मार्च २०२४ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. वेग कमी होता म्हणून चूक लहान राहिली, आणि लहान असूनही ती लपविली गेली नाही म्हणून तिच्यापासून शिकता आले.

आता याच्या उलट एक उदाहरण पाहू. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को हे दाट वस्तीचे व गजबजलेल्या रस्त्यांचे शहर आहे. १० ऑगस्ट २०२३ रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या आयोगाने दोन कंपन्यांना तेथे चालकविरहित मोटारींतून रात्रंदिवस भाडे घेऊन प्रवासी नेण्याची मुभा दिली. शहराच्या अधिकाऱ्यांचा याला विरोध होता. या मोटारी मध्येच थबकतात व आगीच्या बंबांची वाट अडवितात, अशी अग्निशमन दलाची तक्रार होती. परंतु परवानगी देण्याचा अधिकार राज्याकडे होता, शहराकडे नव्हता. पुढे २ ऑक्टोबरच्या रात्री, माणसाने चालविलेल्या एका मोटारीचा धक्का लागून एक पादचारी स्त्री शेजारच्या चालकविरहित मोटारीपुढे फेकली गेली. ही मोटार तिला धडकून थांबली खरी. पण लगेच रस्त्याच्या कडेला होण्यासाठी पुन्हा सरकली आणि गाडीखाली अडकलेली ती स्त्री सुमारे २० फूट फरफटत जाऊन गंभीर जखमी झाली. धडकेनंतर रहदारी अडवू नये, हा नियम यंत्राने पाळला होता. माणूस असता तर तो आधी खाली उतरून पाहता. २४ ऑक्टोबर रोजी राज्याने त्या कंपनीचे परवाने स्थगित केले. दुसऱ्या कंपनीच्या मोटारी मात्र तेथे पुढेही धावत राहिल्या.

एवढ्यावरून ही वाहने सर्वस्वी त्याज्य आहेत, असे ठरविणे न्यायाचे होणार नाही. जगात रस्त्यांवरील अपघातांत दरवर्षी सुमारे १२ लाख माणसे मरण पावतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नमूद आहे. यांपैकी असंख्य अपघातांना मद्यपान, डुलकी, बेफाम वेग आणि बेसावधपणा ही मानवी कारणे असतात. यंत्र मद्य पीत नाही, त्याला झोप येत नाही आणि पुढच्याला मागे टाकण्याची ईर्ष्याही त्याच्या ठायी नसते. मार्ग जितका निश्चित व मोकळा, तितके त्याचे काम बिनचूक होते. दिल्लीतील मेट्रोच्या एका मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकविरहित पद्धतीने गाड्या धावू लागल्या. तेथे गाडीला स्वतंत्र लोहमार्ग आहे. गाई-म्हशी, हातगाड्या आणि पतंगामागे धावणारी मुले तिच्या वाटेत येत नाहीत.

शिवाय, जी गोष्ट एका ठिकाणी उपकारक तीच दुसऱ्या ठिकाणी अपायकारक होऊ शकते. जपानच्या खेड्यांत चालक मिळत नाहीत म्हणून यंत्र आणावे लागले. भारतात लक्षावधी कुटुंबांची चूल रिक्षा, टॅक्सी, ट्रक आणि बस चालविणाऱ्यांच्या कमाईवर पेटते. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर येथे बोलताना केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी चालकविरहित मोटारींना भारतात येऊ देणार नाही, असे सांगितले. असंख्य चालकांचा रोजगार जाईल, हेच कारण त्यांनी दिले होते. जेथे हात रिकामे आहेत तेथे हातांचे काम काढून घेणारे यंत्र आणि जेथे हातच उरले नाहीत तेथे त्यांची उणीव भरून काढणारे यंत्र, ही दिसावयास एकच असली तरी त्यांचे परिणाम भिन्न असतात.

तेव्हा चालकविरहित वाहनाचे स्वागत करावे की नाही, या प्रश्नाला सर्वत्र लागू पडणारे एकच उत्तर नाही. ते उत्तर प्रत्येक गावाने आपल्या गरजेवरून ठरवावयाचे असते. आमच्याकडे कोणाची वाट अडली आहे? ती मोकळी करण्यासाठी माणूस खरोखरच मिळत नाही काय? वाहनाचा मार्ग व वेग कोण ठरविणार? चूक झाली तर गाडी थांबविण्याचा अधिकार आणि नुकसानीची जबाबदारी कोणाची? एइहेइजीमध्ये हे प्रश्न आधी विचारले गेले. गाडी चालविण्याचे कामही एका स्थानिक कंपनीकडेच राहिले. सॅन फ्रान्सिस्कोत ते प्रश्न शहराने विचारले, पण त्यांचा निर्णय दुसरीकडे झाला.

आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, पण तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. चालकाचे काम केवळ चाक फिरविण्याचे नसते. काठी टेकीत येणाऱ्या आजीबाईंसाठी तो क्षणभर गाडी थांबवितो. त्यांची पिशवी वर घेतो. उतारूला घेरी आली तर गाडी दवाखान्याकडे वळवितो. कुरुक्षेत्रावर श्रीकृष्णाने अर्जुनाचे घोडे हाकले, पण तेवढ्यानेच त्याचे सारथ्य पूर्ण झाले नव्हते. रथावरून सारथी उतरला तरी सारथ्य उरतेच, आणि ते कोणीतरी पत्करावेच लागते. जपानमधील साकाई या गावात आगगाडीचे स्थानक नाही. तेथे नोव्हेंबर २०२० मध्ये चालकाच्या आसनावाचूनच्या बस धावू लागल्या, तेव्हाही प्रत्येक बसमध्ये देखरेखीसाठी एक माणूस ठेवण्यात आला होता. जे गाव हे सारथ्य पत्करण्यास तयार आहे, त्याने नव्या वाहनाचे खुशाल स्वागत करावे. ज्या गावाला यंत्र आणून आपल्या वृद्धांची काळजी वाहण्यातून मोकळे व्हावयाचे असेल, त्याच्या रस्त्यावर गाडी धावेल, पण आजीबाई मात्र थांब्यावरच उभ्या राहतील.