‘नोंद आढळली नाही’ : मुक्तस्रोत विदागाराची देखभाल आणि तौलनिक अभ्यासकाचे अभावविधान

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला अभावविधान वारंवार करावे लागते. अमुक कादंबरीचा अमुक भाषेत अनुवाद झालेला नाही, अमुक दशकापूर्वी या दोन भाषांत नाटकांची देवाणघेवाण दिसत नाही, अशा विधानांवर आपली कितीतरी प्रकरणे उभी असतात. पूर्वी त्यासाठी ग्रंथसूच्या आणि कार्डांचे खण चाळावे लागत. आता आपण संगणकावरील सूचीला विचारतो आणि पडद्यावर ‘नोंद आढळली नाही’ असे उमटले की ते उत्तर प्रबंधात जाते. हे उत्तर कोणत्या अटींवर खरे असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो वरकरणी तांत्रिक वाटला तरी माझ्या मते पाठचिकित्सेच्या शेजारचा आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका फजितीमुळे. मराठीभाषक प्रदेशाबाहेरील एका विद्यापीठात आम्ही भारतीय भाषांमधील परस्पर अनुवादांची सूची पोस्टग्रेस या विदागारात ठेवली होती. एका शोधविद्यार्थिनीने तिच्या आधारे लिहिले की, एका मराठी कादंबरीचा कन्नड अनुवाद उपलब्ध नाही. तो अनुवाद माझ्या कपाटात होता आणि त्याची नोंद मीच केलेली होती. मूळ कृतीची नोंद उघडली की ‘अनुवाद’ हा रकाना रिकामा दिसे. मात्र अनुवादाच्या शीर्षकातील मधलाच एखादा शब्द घेऊन शोधले की तीच नोंद समोर येई. कोणीतरी तो क्रमांक पुन्हा भरून पाहिला, तेव्हा एक क्रमांक दोनदा न स्वीकारण्याचा नियम असूनही विदागाराने तो मुकाट्याने स्वीकारला. कोणीही काहीही पुसलेले नव्हते. सुट्टीत सर्व्हरची कार्यप्रणाली नव्या आवृत्तीवर नेली होती, एवढेच.

कारण समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. संबंधाधारित विदागाराची कल्पना आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. माहिती तक्त्यांत ठेवावी आणि तक्त्यांमधील नाते मूल्यांच्या जुळणीने व्यक्त व्हावे, हे तिचे सार. कृतींच्या तक्त्यातील क्रमांक अनुवादांच्या तक्त्यात पुन्हा आला की दोघांचे नाते जुळते. पोस्टग्रेसचा उगम १९८६ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पात झाला. १९९६ पासून ते पोस्टग्रेसक्यूएल या नावाने ओळखले जाते आणि जगभर विखुरलेला गट त्याचा सांभाळ करतो. प्रबंधांच्या भांडारांसाठी अनेक ठिकाणी वापरली जाणारी डीस्पेस ही प्रणालीही आपल्या नोंदी पोस्टग्रेसमध्ये ठेवते. तेव्हा हे प्रकरण आपल्या वाचनकक्षापासून फार दूरचे नाही.

आता जुळणी कशी होते ते पाहू. लाखभर नोंदी एकेक करून वाचणे परवडत नाही, म्हणून विदागार बाजूला एक क्रमवार निर्देशसूची ठेवते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मध्ये कोठेतरी पान उघडतो आणि हवा असलेला शब्द मागे की पुढे हे ठरवतो, तसेच विदागारही करते. या पद्धतीत एक गोष्ट गृहीत आहे : सूची ज्या वर्णानुक्रमाने रचली, त्याच वर्णानुक्रमाने ती वाचली जाईल. आणि हा वर्णानुक्रम पोस्टग्रेसने सहसा स्वतः ठरवलेला नसतो. तो कार्यप्रणालीकडून उसना घेतलेला असतो. लिनक्सवर बहुधा ‘जीलिबसी’ या मूलभूत संग्रहाकडून.

ऑगस्ट २०१८ मध्ये या संग्रहाची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिच्यात वर्णानुक्रमाचे नियम आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या आवृत्तीनुसार व्यापक प्रमाणात बदलले. पूर्वी संयोगचिन्ह प्रथमदर्शनी दुर्लक्षिले जाई, आता ते मोजले जाऊ लागले. इंग्रजी अंकांत लिहिलेले ‘११’ आणि ‘१-१’ हे दोन क्रमांक जुन्या नियमाने याच क्रमाने येत; नव्या नियमाने उलट. २०१९ मध्ये आलेल्या डेबियनच्या दहाव्या आणि रेड हॅटच्या आठव्या आवृत्तीबरोबर हा बदल असंख्य सर्व्हरांवर पोहोचला. आमच्या नोंदक्रमांकांत संयोगचिन्हे होती. निर्देशसूची जुन्या क्रमाने रचलेली आणि वाचणारा नव्या क्रमाने पान उलटणारा, असे झाले. त्याला ‘मागे’ जायचे तेथे तो ‘पुढे’ गेला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, नोंद नाही. शीर्षकाच्या मधल्या शब्दाने शोधताना निर्देशसूचीचा उपयोग नसतो. विदागार सगळा तक्ता वाचते, म्हणून तेथे नोंद सापडली. क्रमांक आधीच आहे का हेही निर्देशसूचीलाच विचारले जाते; म्हणून दुसरी नोंदही आत शिरली.

उपाय साधा आहे : निर्देशसूच्या नव्याने रचणे, आणि तत्पूर्वी दुबार नोंदी हाताने तपासणे. २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेससोबत येणारे ‘एमचेक’ हे साधन क्रमभंग झालेली सूची दाखवते. २०२२ च्या पंधराव्या आवृत्तीपासून विदागाराचा मुख्य वर्णानुक्रम ज्या आवृत्तीने रचला ती नोंदवून ठेवली जाते आणि ती बदलल्यास इशारा मिळतो. पण इशारा वाचणारे कोणी हवे. अनुदानाच्या तक्त्यात यंत्राला रकाना असतो, देखभाल करणाऱ्याला नसतो.

येथे प्रत उतरवण्याच्या दोन रीतींतला भेद तौलनिक अभ्यासकाला लगेच उमगेल. विदागाराच्या फायली जशाच्या तशा उचलून नव्या यंत्रावर ठेवणे म्हणजे छायाप्रत. जुनी निर्देशसूची तिच्या जुन्या क्रमासह येते. मजकूर आज्ञांच्या रूपाने बाहेर काढून नव्या यंत्रावर पुन्हा भरणे म्हणजे नव्याने खिळे जुळवून केलेले मुद्रण. तेथे निर्देशसूच्या नव्या क्रमाने नव्याने तयार होतात. पहिली रीत जलद, दुसरी संथ. आम्ही अर्थातच पहिली निवडली होती.

वर्णानुक्रमाचा मराठीपुरता एक पेच वेगळा आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या संकेतांत तो ‘ल’ला लागून आहे. म्हणून संकेतांच्या क्रमाने ‘कल्पना, कळस, कवच, कहर’ अशी रांग लागते, मराठी वाचकाला ‘कळस’ शेवटी हवा. संकेतांचा क्रम बदलत नाही. भाषेला अनुसरणारा क्रम सुधारणांबरोबर बदलू शकतो. आयसीयू या संग्रहाकडून क्रम घेण्याची सोय दहाव्या आवृत्तीपासून आहे, पण त्याच्याही आवृत्त्या बदलतातच. यातून आम्ही काढलेली वाट अशी : नोंदीची ओळख ठरवणारे क्रमांक संकेतांच्या क्रमाने बांधावेत आणि वाचकापुढे यादी मांडताना तेवढ्यापुरता मराठी क्रम लावावा.

देखभालीची इतर अंगे थोडक्यात सांगतो. पोस्टग्रेसमध्ये नोंद दुरुस्त केली की जुनी ओळ लगेच पुसली जात नाही. नवी ओळ लिहिली जाते आणि जुनी, तिची कोणाला गरज उरेपर्यंत, तशीच राहते. त्यामुळे एकाच वेळी वाचणारे व लिहिणारे एकमेकांना अडवत नाहीत. मृत ओळी उचलण्याचे काम ‘व्हॅक्यूम’ करते. २००८ पासून ते मुळातच आपोआप चालते. एखाद्याने व्यवहार सुरू करून तो न मिटवता चहाला जाणे मात्र महाग पडते. त्याच्यासाठी जुन्या ओळी राखून ठेवाव्या लागतात आणि झाडलोट तेथेच अडते.

सुरक्षा प्रतींविषयी माझे मत जरा कठोर आहे : जी परत भरून पाहिलेली नाही ती प्रत नव्हे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत दुरुस्तीच्या धावपळीत चुकीच्या सर्व्हरवरील विदा पुसली गेली. तेव्हा आढळले की रोजच्या प्रती तयारच होत नव्हत्या, कारण प्रत काढणारे साधन विदागाराहून जुन्या आवृत्तीचे होते. आणि अपयश कळवणारी टपालेही नाकारली जात होती. अन्य कामासाठी घेतलेली, सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती म्हणून बरेच वाचले. कंपनीने हे सारे स्वतःच प्रसिद्ध केले.

आमच्या सूचीत आता तळाशी तीन तारखा दिसतात : निर्देशसूची शेवटची कधी तपासली, प्रत शेवटची कधी परत भरून पाहिली आणि कार्यप्रणाली शेवटची कधी बदलली. ‘नोंद नाही’ असे उत्तर उद्धृत करणाऱ्याने या तारखाही द्याव्यात अशी आमची विनंती असते. एक प्रश्न तरीही सुटलेला नाही. आचाऱ्यास आणि आचार्यास यांतला फरक दाखवणारा अर्धा ‘ऱ’ संगणकावर दोन निरनिराळ्या संकेतमालिकांनी लिहिला जातो. डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात, विदागाराला भिन्न. युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. तूर्त आम्ही नोंद भरतानाच एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करतो. जुन्या नोंदी अजून चाळणे चालू आहे.